भिंतीपलीकडचं वायफाय



आज शेजारच्यांच्या वायफायबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून काही जण हसतील, हसू दे. दोन घरांत मिळून एकच इंटरनेट वापरणारी कुटुंबं मला जाईन तिथे भेटतात. पुण्यात वरच्या मजल्यावर, बेळगावात कंपाउंडपलीकडे, आणि आमच्या चंडीगडला तर भिंतीला भिंत लागूनच. कुणी उघडपणे सांगतं, कुणी जरा चाचरत. मी स्वतः अडीच वर्षं शेजारच्यांचं वायफाय वापरलं आणि त्यापायी एका भल्या माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावली. नोकरीची तीस वर्षं दूरसंचाराच्या तारा ओढण्यात आणि डबे जोडण्यात गेलेली असूनही. म्हणून हे सांगतोय.

मी मूळचा मिरजेचा, पण वीसहून जास्त वर्षं चंडीगडला आहे. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांच्यासाठी इथल्या घरांबद्दल दोन शब्द. शहराचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण लोक राहतात त्या जुन्या सरकारी घरांचे नमुने मुख्यतः पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या तिघांनी केले. १९५०च्या दशकातली, विटांची, एकाला एक लागून उभी असलेली घरं. खासगी प्लॉटवर बांधलेली घरंही बरीच तशीच. इथे प्लॉट गुंठ्यात मोजत नाहीत, मरल्यात आणि कनालात मोजतात. पुढे मूठभर बाग, मागे अंगण, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत. आमचं भाड्याचं घर असंच आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीपलीकडे अंकलजी आणि आंटीजी राहतात. अंकलजी निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलगा कॅनडात.

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात शहरात संचारबंदी लागली. आमच्या घरी तेव्हा जुनी तांब्याची टेलिफोन लाइन होती, ती चार दिवसांनी गेली. दुरुस्तीला कुणी येणं शक्य नव्हतं, नवं कनेक्शन तर दूरच. मुलीची अकरावीची तयारी मोबाइलच्या दीड जीबीवर चाललेली. मागच्या अंगणातून आंटीजी कढीचा डबा देत होत्या, तेव्हा बायकोच्या तोंडून हे निघून गेलं. अर्ध्या तासात अंकलजींनी भिंतीवरून चिठ्ठी दिली. वहीच्या पानावर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड म्हणजे आंटीजींचा मोबाइल नंबर.

मी निम्मे पैसे देतो म्हणालो. अंकलजी म्हणाले, "बेटा जी, कढ़ी के भी पैसे दोगे?" विषय संपला. आपल्याकडेही शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मग आमच्याकडून थालिपीठं, गुळपोळी, एकदा बायकोने घरी केलेल्या बाकरवड्या असं जात राहिलं. इंटरनेटच्या बदल्यात बाकरवडी हा व्यवहार मला आजही योग्य वाटतो.

आता तांत्रिक भाग. भिंतीपलीकडून सिग्नल येतो म्हणजे नेमकं काय होतं? वायफाय साधारण दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्या देशात पहिली २००५ साली परवान्यातून मोकळी झाली. दुसरीचा मोठा भाग २०१८ साली, म्हणजे अगदी अलीकडे. ५ची पट्टी वेगवान, पण भिंतीला घाबरते. २.४ची हळू, पण विटांतून बरी पार होते. सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घटले की ताकद निम्मी, १० घटले की दहावा हिस्सा उरतो. विटांच्या एका भिंतीत बऱ्यापैकी ताकद जाते, सळ्या घातलेल्या स्लॅबमध्ये त्याहून जास्त. आणि लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी मध्ये आली तर विचारूच नका.

अंकलजींचा राऊटर पुढच्या खोलीत टीव्हीमागे होता. आमच्या मुलीचं टेबल मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि आंटीजींचं गोदरेजचं कपाट. व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकायचा. लोक अशा वेळी महाग राऊटर आणतात. आधी राऊटरची जागा बदला. तो सामाईक भिंतीजवळच्या शोकेसवर, माणसाच्या खांद्याइतका उंच ठेवला आणि मुलीचं टेबल त्याच भिंतीला लावलं. फुकटात काम झालं.

इथे एक गंमत सांगतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे दाट धुकं पडतं, आणि नेट अडकलं की सगळे धुक्याला शिव्या देतात. या पट्ट्यांना धुक्याचा काही फरक पडत नाही. पावसात भिजलेली झाडाची पानं मात्र सिग्नल खातात, तेही सिग्नल बाहेरून एका घरातून दुसऱ्या घरात जात असेल आणि झाड मध्ये असेल तर. घरातल्या घरात अडकण्याचं कारण बहुधा शेजारीपाजारी. २.४च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. रांगेतली दहा घरं तिथेच गर्दी करतात. वर कुणी मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्टीत.

पुढच्या वर्षी आम्ही हौसेने एक चूक केली. वेग कमी पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून अंकलजींच्या राऊटरपासून गच्चीवरून आमच्या घरात साधी लॅन केबल ओढली. मी स्वतः शिडी धरून उभा होतो. जुलै २०२१मध्ये एका रात्री जवळपास वीज पडली आणि दोन्ही घरांतले राऊटर एकदम गेले, शिवाय अंकलजींचा टीव्ही. तांब्याची तार दोन घरांमध्ये ओढली की दोन्ही घरांचं अर्थिंग नकळत एकमेकांना जोडलं जाऊ शकतं. दोन मीटर, दोन वेगळी अर्थिंगं, त्यांच्यात विजेचा फरक असतोच. वीज जवळ पडली की तो फरक प्रचंड होतो आणि तारेतून वाट काढतो. म्हणून दोन घरांमध्ये तार ओढायचीच तर ती फायबरची, आणि आत धातूची तार नसलेली. दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर लागतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कामावर शंभर जणांना शिकवलं असेल. घरी मात्र शिडी धरून उभा राहिलो.

टीव्हीचे पैसे अंकलजींनी घेतले नाहीत. ते मला आजही टोचतं.

आता ऑक्टोबर २०२२. एका संध्याकाळी अंकलजी समोरच्या दाराने आले. ते नेहमी मागच्या अंगणातून हाक मारतात, म्हणून मला आधीच वेगळं वाटलं. हातात पोलिसांचा कागद. एका मुलीच्या नावाने आणि तिच्या फोटोंसह खोटं खातं उघडलं गेलं होतं, त्यावरून घाणेरडे मेसेज गेले होते. तारीख दिलेली, रात्री पावणेबाराची वेळ दिलेली, आणि त्या वेळी ज्या कनेक्शनवरून हे झालं ते कनेक्शन अंकलजींच्या नावावर.

ते मला विचारत होते, "बेटा जी, ये प्रोफाइल क्या होता है?"

बाहेरच्या जगाला तुमच्या घरातले पाच फोन, दोन लॅपटॉप, शेजारचे चार फोन असं काही दिसत नाही. सगळे एकाच राऊटरमधून, एकाच पत्त्याने बाहेर पडतात. ठरावीक वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. हल्ली बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, पण तेव्हाही वेळ आणि पोर्ट क्रमांक यांवरून ग्राहक सापडतो. ग्राहकापुढे भिंतीच्या अलीकडचा कोण आणि पलीकडचा कोण, हे कंपनीला माहीत नसतं. राऊटरला थोडा वेळ माहीत असतं, पण घरगुती राऊटरची नोंदवही छोटी, वीज गेली की कोरी. अंकलजींनी मला दिलं होतं ते नुसतं इंटरनेट नव्हतं. ज्या नावाने ते तीस वर्षं शाळेत ओळखले गेले, ते नाव वापरायला दिलं होतं. आणि मी ते पुढे वाटलं होतं.

कारण कागद वाचताना मला माझा पुतण्या आठवला. त्याच उन्हाळ्यात तो प्रवेशाच्या कामासाठी दोन महिने आमच्याकडे राहिला होता. आल्याबरोबर मी त्याला तो पासवर्ड सांगितला. अंकलजींना विचारलंही नाही, त्यात विचारण्यासारखं काही असतं हेच डोक्यात आलं नाही. त्याला फोन केला. "काका, मी फक्त दोघांना दिला होता." मागच्या गल्लीतल्या पेइंग गेस्टमध्ये राहणारी दोन मुलं. फोनवरचा चौकोनी कोड दाखवला की पासवर्ड सांगावाही लागत नाही. त्या दोघांनी किती जणांना दिला, देव जाणे. त्यांची खिडकी आमच्या अंगणाकडे उघडते. मध्ये भिंत नाही, तेव्हा तेवढ्या अंतरावर २.४ आरामात पोहोचतं.

ही गोष्ट अंकलजींना सांगायला मला एक रात्र लागली. सकाळी गेलो, सगळं सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर ठाण्यात जाऊन तेच लिहून दिलं. पोलीस सभ्यपणे वागले. पण नियमाप्रमाणे अंकलजींचा फोन आणि टॅब तपासणीसाठी जमा झाला. तीन आठवडे. त्या टॅबवर रोज रात्री कॅनडातला नातू दिसायचा. शेवटी खात्याला जोडलेल्या मोबाइल नंबरवरून तपास त्या पेइंग गेस्टमधल्या एका मुलापर्यंत पोहोचला, म्हणजे पुतण्याच्या मित्राच्या मित्रापर्यंत. अंकलजी मला एक शब्द बोलले नाहीत. आंटीजी बोलल्या नाहीत, पण अंगणातला डबा बंद झाला. आमचा डबा त्यांच्याकडेच राहिला होता, तो मोलकरणीबरोबर परत आला. रिकामा.

आपल्याकडे याहून फार मोठी गोष्ट घडून गेली आहे, आणि आपण ती विसरलो. २६ जुलै २००८, अहमदाबादचे साखळी बॉम्बस्फोट. पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटवर. त्यांचं वायफाय उघडं होतं, त्याचा वापर दुसऱ्याच कुणी केला होता. त्यांचे संगणक तपासले गेले, चौकशी झाली, देशभरच्या वर्तमानपत्रांत ते घर गाजलं. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. त्यानंतर जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलीस उपकरणं घेऊन रस्त्यांवर उघडी वायफाय शोधत फिरू लागले, आणि फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने सुरक्षित वायफायबद्दल कंपन्यांना सूचना काढल्या. आज तुमच्या राऊटरच्या तळाशी कंपनीनेच छापलेला पासवर्ड असतो. तेव्हा बहुतेक डबे बिनपासवर्डचेच चालू व्हायचे.

जर्मनीत तर २०१०मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की घरच्या वायफायला नीट पासवर्ड लावणं ही मालकाची जबाबदारी. दुसऱ्या कुणी त्यावरून बेकायदा गाणी उतरवली तरी नोटिशीचा भुर्दंड मालकाला. पुढे कॅफेवाले वायफाय द्यायलाच घाबरू लागले, आणि २०१७मध्ये कायदा सैल करावा लागला. आपल्याकडे पत्ता तुमचा निघाला म्हणून गुन्हा तुमचा ठरतो असं नाही. पण ते ठरेपर्यंतचे आठवडे तुमचेच असतात.

मग शेजाऱ्याला द्यायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही. मला दिलं नसतं तर मुलीचं वर्ष गेलं असतं.

त्या डिसेंबरमध्ये मी आमच्या नावाने फायबर घेतलं. २०२३च्या पावसाळ्यात रस्ता खणताना अंकलजींच्या बाजूची फायबर तुटली, आणि दुरुस्ती लांबत गेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा आंटीजींनी अंगणातून हाक मारली, बायकोला. नातवाचा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्या वेळी मी जे केलं ते सांगतो.

पासवर्ड दिला नाही. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि त्यावरच्या फोनला आपल्या घरातला प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही दिसत नाही. सेटिंगच्या पानावर जायचा मूळ पासवर्ड बदलला, तो बहुतेक घरांत 'ॲडमिन' असाच राहिलेला असतो. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद केली. तिच्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११मध्येच उघड झालं आहे. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवायचा. आणि पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर नाही, वाढदिवस नाही, चार-पाच असंबद्ध शब्द. आमच्यात मिरजेतल्या भाज्यांची नावं आहेत, इथे कुणाला सुचणार नाहीत.

अंकलजींना एक शंका होती, ती बऱ्याच जणांना असते. मी त्यांचे बँकेचे व्यवहार बघू शकेन का? नाही. पत्त्यापुढे कुलूप असलेल्या साइटवर मजकूर वाटेतल्याला वाचता येत नाही. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढं राऊटरच्या मालकाला कळू शकतं, काय केलंत ते नाही. मी म्हटलं, अंकलजी, तुम्ही गुरबानी ऐकता एवढं मला भिंतीतूनच कळतं.

बरेच दिवसांसाठी दोन घरं जोडायची असतील तर आणखी एक रचना चांगली. लोक सहसा कंपनीचा डबा आपल्या घरात ठेवतात आणि त्यातून निघालेली तार शेजाऱ्याच्या राऊटरला देतात. त्यांना वाटतं, दोन राऊटर म्हणजे दोन वेगळी घरं. तसं नाही. या रचनेत शेजारचं घर तुमच्या घराच्या आत असतं, तिथून तुमचे कॅमेरे आणि प्रिंटर गाठता येतात, उलट मात्र जाता येत नाही. त्यापेक्षा कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि त्यातून दोन तारा काढा. एक तुमच्या राऊटरला, एक फायबरवरून त्यांच्या. दोघंही आपापल्या दाराआड. अर्थात बाहेर जाताना पत्ता एकच.

पैशांचं काय? बहुतेक कंपन्यांच्या अर्जात लिहिलेलं असतं की कनेक्शन त्या पत्त्यावरच्या कुटुंबासाठी आहे, पुढे विकता येणार नाही. अर्ज वाचा, कुणी वाचत नाही. दर महिन्याला शेजाऱ्याकडून ठरावीक रक्कम घेणं याला देवाणघेवाण म्हणायचं की विक्री, यावर वाद घालत बसण्यापेक्षा घेऊच नका. खरोखर विकायचंच असेल, म्हणजे दुकान आहे, पेइंग गेस्ट चालवता, वर चार भाडेकरू आहेत, तर सरळ वाट आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. त्यात किराणा दुकानदारसुद्धा परवाना न घेता, फी न भरता वायफाय विकू शकतो. वापरणारा ॲपमधून, आपल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने जोडला जातो. म्हणजे रात्री पावणेबाराला कोण होतं ते दुकानदाराच्या माथी येत नाही. जून २०२५मध्ये ट्रायने असंही ठरवलं की अशा दुकानदारांना २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाहीत. मागच्या गल्लीतल्या पेइंग गेस्टवाल्यांना मी हे दोनदा सांगून आलो. ते हो हो म्हणतात.

अंकलजींची फायबर सप्टेंबरमध्ये जोडली गेली. पाहुण्यांचं नेटवर्क मात्र दोन्ही घरांत अजून चालू आहे, एकाचं गेलं की दुसऱ्याचं. ज्या वहीत दुधाचा हिशोब असतो तिच्या मागच्या पानावर आंटीजी लिहून ठेवतात, कुणाला कधी दिला. गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता. त्याने मला पासवर्ड विचारला नाही. अंगणात जाऊन आंटीजींना विचारला, आणि त्यांनी आधी वही आणून त्याची सही घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला मी पासवर्ड बदलतो, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्या माझ्यावर चिडतात. या महिन्यातली भाजी त्यांना उच्चारता येत नाही म्हणे. शेवगा आहे.